पाऊल आणि चौकट

प्रस्तावना

आज हातातल्या फोनच्या पडद्यावर दोन बोटे फाकवली की दूरची वस्तू जवळ आल्यासारखी दिसते. फिल्मच्या काळात हे काम झूम लेन्स करीत असे. मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांसाठी मात्र ही लेन्स जड, महाग आणि मोजकी होती. ती घ्यावी की घेऊ नये, असा प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या लेखकापुढे उभा राहिला. तो त्यांनी कसा सोडवला, हे आपण या पाठात वाचणार आहोत. वाचताना लेखक ‘सोय’ या शब्दाचा विचार कोणकोणत्या बाजूंनी करतात, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

बोलताना आपण ‘सोयीचे’ आणि ‘उपयोगाचे’ हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. हत्यारावर पोट असणाऱ्या माणसाला मात्र या दोहोंतला फरक चांगला ठाऊक असतो. सुताराच्या पेटीत वेगवेगळ्या रुंदीच्या चार-पाच पटाश्या असतात. गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंबा दोन्ही असतात. चार कामे एकट्याने करणारे हत्यार बाजारात आले, तर कारागीर त्याकडे कुतूहलाने पाहतो, हातात घेऊन त्याचे वजन अजमावतो आणि मग विचारतो, ‘ही चारही कामे हे नीट करते का?’ छायाचित्रकाराच्या आयुष्यात हा प्रश्न झूम लेन्सच्या रूपाने येतो. माझ्याही आयुष्यात तो आला. त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या व्यवसायाविषयी बरेच काही उमगले.

मी ज्या कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे, त्याला ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणजे मध्यम आकाराच्या फिल्मचा कॅमेरा म्हणतात. त्यात ‘१२०’ या क्रमांकाची फिल्म वापरतात. कोडॅक कंपनीने ती १९०१ मध्ये बाजारात आणली आणि आजही ती मिळते. कागदी पट्टीसह गुंडाळलेली ही फिल्म सुमारे सहा सेंटिमीटर रुंद असते. एकेकाळी आपल्याकडच्या अनेक घरांत असलेला आग्फा क्लिक-थ्री हा साधा कॅमेरा याच फिल्मवर बारा चौकोनी छायाचित्रे काढीत असे. गावोगावच्या स्टुडिओंतही दोन लेन्सचे, वरून खाली पाहून चौकट ठरवण्याचे कॅमेरे असत. त्यांतही हीच फिल्म भरली जाई.

पुढे सर्वत्र पसरलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे असते. १२० फिल्मवर ‘सहा बाय साडेचार’ या लहान आकारातले चित्रही त्याच्या सुमारे पावणेतीनपट मोठे भरते. ‘सहा बाय सहा’ हे साडेतीनपटीहून मोठे, तर ‘सहा बाय सात’ हे साडेचारपट असते. चित्र मोठे असले की ते कागदावर कमी वाढवावे लागते आणि त्यातले बारकावे टिकून राहतात. किंमत मात्र दुसऱ्या बाजूने मोजावी लागते. एका रोलवर आकारानुसार दहा, बारा, पंधरा किंवा सोळाच चित्रे मिळतात, आणि कॅमेरा व लेन्स दोन्ही आकाराने वाढतात.

आता झूम लेन्सकडे वळू. प्रत्येक लेन्सला एक नाभीय अंतर असते आणि ते मिलिमीटरमध्ये सांगतात. अंतर कमी असेल तर समोरचा विस्तीर्ण भाग चौकटीत मावतो. अंतर जास्त असेल तर थोडाच भाग, पण मोठा होऊन दिसतो. साध्या लेन्सचे नाभीय अंतर ठरलेले असते. झूम लेन्समध्ये आतल्या काचांचे गट पुढेमागे सरकतात आणि हे अंतर हवे तसे बदलता येते. ३५ मिलिमीटरच्या स्थिरचित्र कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स १९५९ मध्ये आली. फ्रँक बॅक यांनी आखलेल्या त्या लेन्सचे नाव ‘झूमार’ होते आणि ती फोक्टलेंडर कंपनीच्या नावाने विकली गेली. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यांसाठी झूम लेन्स त्यानंतर आल्या आणि त्यांची संख्या नेहमीच मोजकी राहिली.

या मोजक्या लेन्सचे आकडे पाहिले की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. मामिया ६४५ या कॅमेऱ्यासाठी ५५ ते ११० आणि १०५ ते २१० मिलिमीटर. पेंटॅक्स ६४५ साठी ८० ते १६०. मामिया आरबी ६७ साठी १०० ते २००. कॉन्टॅक्स ६४५ साठी ४५ ते ९०. आणि हॅसलब्लाडसाठी श्नायडर कंपनीने केलेली १४० ते २८०. या सर्वांत मोठा आकडा लहान आकड्याच्या दुप्पट आहे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी २८ ते २०० मिलिमीटर, म्हणजे सातपट पल्ल्याच्या झूम लेन्स मिळत असताना या मोठ्या कॅमेऱ्यांच्या झूमने दुपटीशीच का थांबावे?

याचे कारण साध्या भूमितीत आहे. लेन्सने पाडलेल्या गोल प्रतिमेत फिल्मची संपूर्ण चौकट मावली पाहिजे. ३५ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर असतो, तर ‘सहा बाय साडेचार’चा कर्ण सुमारे ७०. म्हणजे तीच लेन्स, तितकाच प्रकाश आत घेणारी, या कॅमेऱ्यासाठी बनवायची तर ती लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही बाजूंनी सुमारे १.६ पट वाढवावी लागेल. तिन्ही बाजू वाढल्या की आकारमान, आणि त्याबरोबर वजन, चौपटीच्या आसपास जाते. असे ओझे कोण वाहणार? म्हणून लेन्स बनवणाऱ्यांनी दोन बाबतींत माघार घेतली. त्यांनी पल्ला आखूड ठेवला आणि प्रकाश आत घेण्याची क्षमता कमी केली. साध्या लेन्सचे छिद्र एफ/२.८ पर्यंत उघडत असेल, तर झूमचे बहुधा एफ/४.५ किंवा एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/४.५ ला मिळणारा प्रकाश एफ/२.८ च्या मानाने साधारण दोन पंचमांशच असतो.

हा हिशेब मी पुष्कळ नंतर शिकलो. त्याआधी मी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत नोकरीला होतो. मालकांना आम्ही सगळे काका म्हणत असू. त्यांच्याकडे दोन लेन्सचा जुना कॅमेरा होता. नावाला दोन लेन्स. त्यांतली एक पाहण्यासाठी आणि दुसरी चित्र काढण्यासाठी. लेन्स बदलण्याची सोय त्यात नव्हती. लग्न झालेली जोडपी रंकाळ्यावर फोटो काढायला येत आणि मागे शालिनी पॅलेस दिसावा, असा त्यांचा आग्रह असे. काका मला म्हणत, “अरे, लेन्स जागची हलत नाही ना? मग तू हल.” आणि खरोखरच ते मला हलायला लावीत.

एका संध्याकाळी त्यांनी मला जो धडा दिला, तो मी विसरलो नाही. जोडप्याच्या अगदी जवळून त्यांनी मला खिडकीत पाहायला सांगितले. माणसे मोठी दिसत होती आणि राजवाडा त्यांच्या खांद्यामागे आगपेटीएवढा झाला होता. मग त्यांनी मला वीस पावले मागे नेले. आता माणसे लहान झाली. राजवाडा मात्र जवळजवळ होता तेवढाच राहिला. त्यामुळे माणसांच्या मानाने तो मोठा आणि भव्य भासू लागला. “जवळचं आणि लांबचं यांचं नातं तुझ्या उभं राहण्यावर ठरतं,” काका म्हणाले. “काच कुठलीही लाव, ते नातं काचेनं बदलत नाही.”

या वाक्यात झूम लेन्सविषयीचे निम्मे सत्य आहे. एकाच जागी उभे राहून आपण ४५ मिलिमीटरवरून ८५ मिलिमीटरवर गेलो, तर माणूस आणि राजवाडा सारख्याच प्रमाणात मोठे होतात. चौकट लहान होते, पण त्यातल्या वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते तसेच राहते. झूम आपल्याला काय वगळायचे ते ठरवू देते. कोठून पाहायचे, हे ठरवण्याचे काम पायांकडेच राहते. होमाई व्यारावाला यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाईबाई रोलीफ्लेक्स कॅमेराही वापरीत. त्याला एकच, न बदलणारी लेन्स असे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या अनेक ऐतिहासिक क्षणांची त्यांनी काढलेली छायाचित्रे पाहताना आपण त्यांच्या उभे राहण्याच्या जागेवरूनच ते क्षण पाहत असतो.

असे असेल, तर मग झूमची गरजच काय? माझ्यापुढे हा प्रश्न १९९० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. एका प्रकाशकाने मला दिनदर्शिकेसाठी सह्याद्रीतल्या किल्ल्यांची बारा छायाचित्रे काढण्याचे काम दिले होते. मोठ्या पानावर छपाई होणार असल्याने ३५ मिलिमीटरची फिल्म त्यांना चालणार नव्हती. १२० फिल्मवरच्या पारदर्शिका हव्या होत्या. मी काही वर्षे साठवलेल्या पैशांतून पेंटॅक्स ६४५ हा जुना कॅमेरा घेतला होता. त्याबरोबर ७५ मिलिमीटरची एफ/२.८ ची साधी लेन्स होती. किल्ल्यांसाठी त्याहून विस्तीर्ण पाहणारी लेन्स लागणार होती. मुंबईत फोर्ट भागातल्या एका दुकानात दोन वापरलेल्या लेन्स होत्या: एक ४५ मिलिमीटरची साधी, आणि दुसरी ४५ ते ८५ मिलिमीटरची एफ/४.५ ची झूम. साधी लेन्स माझ्या आवाक्यात होती. झूमसाठी चार महिन्यांचा पगार लागला असता, आणि धाकट्या बहिणीच्या परिचारिका प्रशिक्षणाचे शुल्क त्याच वर्षी भरायचे होते. दुकानदाराने मला पंधरा दिवसांची मुदत दिली.

काकांचे मत ठाम होते. “झूम घेऊन काय करशील? डार्करूम हीच आपली झूम,” ते म्हणाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. ‘सहा बाय सात’च्या निगेटिव्हचा लांबी-रुंदीने निम्मा तुकडा कापून घेतला, तरी तो २८ गुणिले ३५ मिलिमीटरचा, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या संपूर्ण चित्रापेक्षा किंचित मोठाच असतो. एनलार्जरखाली असा तुकडा निवडणे म्हणजे दुप्पट झूम करण्यासारखेच आहे. लग्नाच्या आणि स्टुडिओच्या कामात आम्ही ते रोज करीत होतो. परंतु माझे काम पारदर्शिकांचे होते. पारदर्शिका जशी निघते तशीच छापखान्यात जाते. तिचा तुकडा कापला, तर ज्या मोठ्या आकारासाठी हा जड कॅमेरा खांद्यावर वाहिला, तो आकारच हातचा जातो. चौकट जागेवरच अचूक बसवणे मला भाग होते.

वजनाचा प्रश्नही वाटला तितका सरळ निघाला नाही. झूमचे वजन पाऊण किलोहून अधिक होते. कॅमेरा आणि त्यातले सहा सेल मिळून दीड किलोच्या आसपास. त्यात तिपाई, पाणी आणि अंथरूण. गडाच्या चढावर प्रत्येक शंभर ग्रॅम जाणवतात. पण ४५, ५५ आणि ७५ मिलिमीटरच्या तीन साध्या लेन्स बरोबर न्यायच्या म्हटल्या, तर त्यांचे एकत्रित वजन झूमहून कमी भरत नव्हते. शिवाय तिघींच्या तोंडांचे व्यास सारखेच असतील असे नाही. प्रकाशगाळण्या वेगवेगळ्या घ्याव्या लागल्या असत्या. एका लेन्सशी झूमची तुलना केली तर झूम जड ठरत होती, आणि तिघींशी केली तर हलकी. म्हणजे उत्तर लेन्समध्ये दडलेले नव्हते. मी बरोबर काय नेणार आणि कोठे उभा राहणार, यावर ते अवलंबून होते.

मग मी एक साधा उपाय केला. माझ्याकडे एक वही असे. तिच्यात प्रत्येक चित्राची जागा, वेळ आणि प्रकाश मी लिहून ठेवीत असे. त्या वहीतल्या मागच्या दोन वर्षांच्या नोंदी काढून मी एका कागदावर दोन रकाने आखले. एकावर लिहिले, ‘पाय चालले’. दुसऱ्यावर, ‘पाय थांबले’. ज्या ठिकाणी चार पावले पुढे किंवा मागे जाऊन चौकट जमवता आली, ती पहिल्या रकान्यात. ज्या ठिकाणी कडा, पाणी, भिंत किंवा गर्दी यांमुळे पाऊल टाकणेच अशक्य होते, ती दुसऱ्या रकान्यात. स्टुडिओ, लग्न, गल्ली, बाजार, शेत यांच्या नोंदी जवळजवळ सर्व पहिल्या रकान्यात गेल्या. डोंगरातल्या निम्म्याहून अधिक नोंदी दुसऱ्या रकान्यात पडल्या.

त्या कागदाने माझा निर्णय झाला. घरी तो कागद दाखवल्यावर बहीण म्हणाली, “दादा, माझी फी दोन हप्त्यांत भरता येते. तू तुझी लेन्स घे.” तिच्या बोलण्यातला समजूतदारपणा मला लेन्सच्या किमतीपेक्षा जड वाटला. दिनदर्शिकेचे मानधन आले की त्यातून दुसरा हप्ता पहिल्यांदा भरायचा, असे ठरवूनच मी मुंबईची गाडी धरली. ते चित्र छापण्याजोगे निघणे आता माझ्या एकट्याच्या हौसेचा विषय राहिला नव्हता.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. खिरेश्वरहून टोलारखिंडीच्या वाटेने मी वर गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. गडाच्या पश्चिमेला कोकणकडा आहे. आत वळलेल्या अर्धवर्तुळासारखा हा प्रचंड कडा एकदम खाली कोकणाच्या बाजूस तुटतो. तेथे काठावर उभे राहिले की पुढे टाकायला पाऊल उरत नाही, आणि मागे सरावे तर कड्याची कमान झाकली जाते. तिपाई रोवण्याजोगी जागा एकच होती. दुपारभर दरीतून ढग वर येत होते आणि काहीच दिसत नव्हते.

सूर्य कलताना ढग फाटले. तांबूस उजेड थेट कड्यावर पडला. मी ४५ मिलिमीटरवर संपूर्ण कमान आणि खालची दरी घेतली. तेवढ्यात पलीकडच्या काठावर दोन गिरीप्रवासी पालथे पडून खाली डोकावताना दिसले. त्या दोन ठिपक्यांमुळे कड्याचा आकार एकदम समजू लागला. लेन्सचे कडे फिरवून मी ७० च्या जवळ आणले, कमानीचा अर्धा भाग ठेवला, खालचे पांढरे धुके वगळले आणि त्या दोघांना वरच्या कोपऱ्यात बसवले. छिद्र एफ/१६, वेळ १/८ सेकंद. तिसऱ्या चित्रानंतर ढग पुन्हा मिटले. ही सारी घडामोड चार-पाच मिनिटांची. त्या वाऱ्यात, त्या काठावर, लेन्स काढून दुसरी चढवण्यात यातला किती वेळ गेला असता आणि किती बाष्प कॅमेऱ्यात शिरले असते, ते सांगायला नको. एफ/४.५ ची उणीव मला तेथे मुळीच जाणवली नाही. कारण खोलवर सर्व स्पष्ट दिसावे म्हणून छिद्र लहान ठेवणे भागच होते आणि कॅमेरा तिपाईवर होता.

ते चित्र दिनदर्शिकेत नोव्हेंबरच्या पानावर छापले गेले. हप्ता वेळेवर भरला गेला.

पुढच्याच महिन्यात मी वेरूळला गेलो तेव्हा हीच लेन्स बहुतेक वेळ पिशवीतच राहिली. दहाव्या क्रमांकाच्या विश्वकर्मा लेण्यात दगडात कोरलेल्या फासळ्यांचे छत आहे आणि आत स्तूपासमोर बुद्धमूर्ती आहे. उजेड दर्शनी भागातून येतो आणि आत पोहोचेपर्यंत मंद होतो. तिपाई बरोबर नव्हती. खांबाला पाठ टेकून, श्वास रोखून चित्र काढायचे होते. जो उजेड एफ/२.८ ला १/१५ सेकंद मागतो, तोच एफ/४.५ ला सुमारे १/६ सेकंद मागतो. पहिल्या वेळात हात कसाबसा स्थिर राहू शकतो. दुसऱ्यात राहत नाही. शिवाय अंधुक जागी झूममधून पाहताना खिडकीच काळवंडते आणि प्रतिमा स्पष्ट झाली की नाही, हे डोळ्याला कळत नाही. तेथे ७५ मिलिमीटरची लहानशी लेन्सच कामाला आली.

माणसांची चित्रे काढताना मला आणखी एक फरक जाणवला. त्या वर्षी पंचगंगेच्या काठच्या एका कुंभारवाड्यात मी गेलो होतो. लांब नाभीय अंतराची लेन्स असती, तर रस्त्याच्या पलीकडूनच चित्र निघाले असते आणि चाकावर बसलेल्या वृद्ध गृहस्थांना कळलेही नसते. ७५ मिलिमीटरची लेन्स असल्याने मला जवळ जावे लागले, नमस्कार करावा लागला, “मामा, फोटो काढू का?” असे विचारावे लागले. ते म्हणाले, “काढा की. पण चाक फिरतंय तवर काढा. नुसता बसलेला मी काय दाखवायचा?” त्या सूचनेने चित्र बदलले. त्यांनी आपले काम मला दाखवले आणि मी ते चित्रात घेतले. दुरून काढलेले चित्र कदाचित चांगले निघाले असते. पण त्यात त्यांचे मत नसते.

ज्यांना आजही फिल्मवर काम करायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. या कॅमेऱ्यांच्या झूम लेन्स आता बहुधा वापरलेल्याच मिळतात. साध्या लेन्समध्ये पाच-सहा काचा असतील, तर झूममध्ये त्याच्या दुप्पट असू शकतात. जितक्या काचा अधिक, तितके बुरशीला घर अधिक. कोकणासारख्या दमट हवेत लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावी. विकत घेण्यापूर्वी तिच्यातून उजेडाकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती परत द्यावी. अधिक काचांमुळे सूर्य समोर असताना चित्रावर धुरकटपणा येतो, म्हणून लेन्सवर झापड लावावी. प्रतिमा स्पष्ट करताना आधी सर्वांत लांब नाभीय अंतरावर जावे, तेथे ती नीट जुळवावी आणि मग चौकट हवी तेवढी मोठी करावी. खऱ्या झूम लेन्समध्ये अशी जुळवलेली स्पष्टता टिकून राहते. आणि तिपाई नेता येणार नसेल, तर झूमही घरी ठेवावी.

फिल्मशी संबंध नसलेल्यांनाही यातले काही उपयोगी पडेल. फोनच्या पडद्यावर बोटे फाकवून आपण जे जवळ आणतो, ते पुष्कळदा चित्राचा तुकडा कापून मोठा करणेच असते. काकांची डार्करूमच ती, फक्त खिशात मावणारी. फोनच्या त्या लहानशा चित्राला मोठ्या निगेटिव्हएवढी कापाकापी सोसत नाही, म्हणून चित्र फुटलेले दिसते. तेव्हा बोटे फाकवण्यापूर्वी पायांखालची जमीन पाहावी. पुढे जाता येत असेल तर जावे.

आता तो स्टुडिओ राहिला नाही. बहीण एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. माझ्या कपाटात दोन्ही लेन्स आहेत, झूम आणि साधी. बाहेर पडताना मी कोणती चांगली याचा विचार करीत नाही. आज आपण कोठे उभे राहणार आहोत, एवढेच स्वतःला विचारतो. कडा, नदीचा काठ, वारीची गर्दी असेल तर झूम घेतो. घर, गल्ली, लेणे किंवा एखाद्या माणसाची भेट असेल तर लहान लेन्स घेतो आणि चालण्यासाठी थोडा अधिक वेळ हाताशी ठेवतो.

स्वाध्याय

१. मध्यम आकाराच्या कॅमेऱ्यांच्या झूम लेन्सचा पल्ला बहुधा दुपटीशीच का थांबतो, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘जवळचं आणि लांबचं यांचं नातं तुझ्या उभं राहण्यावर ठरतं,’ या काकांच्या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. कोकणकडा आणि वेरूळ या दोन ठिकाणी लेखकाने वेगवेगळ्या लेन्स का वापरल्या?
४. कुंभारवाड्यातल्या प्रसंगातून माणसांची छायाचित्रे काढण्याविषयी कोणता विचार व्यक्त होतो?
५. तुमच्या कामात वापरले जाणारे एखादे साधन निवडा. ते केव्हा उपयोगी ठरते आणि केव्हा अडचणीचे ठरते, हे दोन रकान्यांत लिहा व त्यावरून दहा-बारा ओळींचा परिच्छेद तयार करा.